साथीच्या काळात लहान रुग्णालयातल्या शस्त्रक्रिया चालू कशा ठेवाव्यात?

विश्वस्त, इंदूर

नमस्कार. इंदूरमधल्या मराठी मंडळींनी चालवलेल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या कार्यकारिणीत मी काम करतो. खाटा ४०, थिएटर दोन, त्यांतले एक मोठे आणि एक लहान. पूर्णवेळ सर्जन एकच आहेत, भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, आणि थिएटरमध्ये चार सिस्टर व दोन वॉर्डबॉय आहेत. पुढची साथ केव्हा आणि कोणत्या रोगाची येईल हे कोणाच्या हाती नाही, पण ती आली तर आपल्याकडच्या शस्त्रक्रिया मागच्या, कोविडच्या वेळेसारख्या ठप्प होऊ नयेत यासाठी लेखी आराखडा तयार करण्याचे काम कार्यकारिणीने माझ्यावर सोपवले आहे. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. वैद्यकातले मला काही कळत नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

सुरुवात म्हणून मी थिएटरचे जुने रजिस्टर काढून बसलो. २० मार्च २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने, तातडीच्या नसलेल्या नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्यात, अशी सूचना रुग्णालयांना केली होती. आमच्या रजिस्टरमध्ये २१ मार्चच्या नोंदीखाली तांबड्या शाईची एक आडवी रेघ आहे, आणि तिच्याखालची नोंद थेट एप्रिलच्या मध्यावरच्या एका सिझेरियनची आहे. मधल्या काळात ज्यांना परत पाठवले त्यांची नावे रजिस्टरमध्ये नाहीतच. ती मला रिसेप्शनवरच्या जुन्या डायरीच्या शेवटच्या दोन पानांवर पेन्सिलीने लिहिलेली सापडली. नाव, गाव, पुढे ‘हर्निया’, ‘पित्ताशय’, ‘गर्भाशय’ असा एकेक शब्द आणि फोनचा आकडा. त्यांतले काही आकडे इतके पुसट झाले आहेत की वाचता येत नाहीत. एका नावापुढे ‘स्तनात गाठ’ असे लिहिले आहे. त्या बाई देवासच्या होत्या. त्यांचे पुढे काय झाले, हे आमच्यापैकी कोणालाही सांगता आले नाही. ती दोन पाने पाहिल्यापासून हा आराखडा केवळ कागदोपत्री राहू नये, असे मला फार वाटते.

त्या एप्रिलमध्ये आपल्या शहरातल्या रुग्णालयांची लाल, पिवळी आणि हिरवी अशी विभागणी झाली होती हे अनेकांना आठवत असेल: लाल कोविडसाठी, पिवळी संशयितांसाठी, हिरवी इतर आजारांसाठी. आम्ही हिरव्यात होतो, तरीही आमचे थिएटर चालले नाही. ते का चालले नाही, याचे नीट उत्तर मला हवे आहे.

माझे प्रश्न असे. दोनच थिएटर असताना संसर्ग असलेले आणि नसलेले रुग्ण वेगळे ठेवणे कितपत शक्य आहे? ऑक्सिजन आणि भुलीची औषधे अपुरी असताना कोणती शस्त्रक्रिया करावी आणि कोणती थांबवावी, हे कोणी आणि कशावरून ठरवावे? आजारातून नुकत्याच उठलेल्या माणसाला किती दिवसांनी भूल द्यावी? ज्यांनी त्या दोन वर्षांत थिएटरमध्ये प्रत्यक्ष काम केले त्यांनी, काय उपयोगी पडले आणि काय नाही, हे मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

भूलतज्ज्ञ, इंदूर

विश्वस्तसाहेब, तुम्ही रजिस्टरपासून सुरुवात केलीत हे फार चांगले केले. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षांत मी इंदूरमध्येच होतो. एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आणि तुमच्यासारख्या तीन-चार लहान रुग्णालयांत मी काम करत असे. त्यामुळे तुमचे थिएटर का चालले नाही, याचा मला अंदाज आहे.

पहिल्या काही आठवड्यांत भीती हे कारण होतेच. ९ एप्रिल २०२० रोजी आपल्या शहरातले एक डॉक्टर कोविडने गेले, तेव्हा कितीतरी दवाखान्यांनी दारे लावून घेतली, आणि त्या भीतीला मी आजही नावे ठेवणार नाही. पण २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत थिएटर बंद राहिली ती भुलीमुळे. अत्यवस्थ रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालणारा, त्याला व्हेंटिलेटरवर घेणारा आणि रात्रभर त्याच्याजवळ थांबणारा माणूस बहुधा भूलतज्ज्ञच असतो. तो तिकडे गेला की थिएटरमध्ये टेबल, दिवे, हत्यारे सगळे जागच्या जागी असूनही उपयोग नसतो. त्याच्या पाठोपाठ भुलीचे मशीन व्हेंटिलेटर म्हणून जाते, रिकव्हरीच्या खाटा आयसीयूच्या होतात, आणि प्रोपोफॉल, मिडॅझोलम, फेंटानिल, ॲट्राक्युरियम ही आमच्या रोजच्या वापरातली औषधेही तिकडेच संपतात, कारण व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला ती दिवसरात्र चालू ठेवावी लागतात. तुमचे भूलतज्ज्ञ बाहेरून येणारे असल्यामुळे तुमचे थिएटर सर्वांत आधी अडले असणार. म्हणून आराखड्याच्या पहिल्या पानावर, साथीच्या काळात थिएटरसाठी कोण थांबणार आणि आयसीयूकडे कोण जाणार, हे नावानिशी लिहा. दोन भूलतज्ज्ञांशी आधीच बोलून ठेवा, आणि जो त्या आठवड्यात संसर्गाच्या विभागात काम करत असेल त्याला तुमच्याकडे बोलावू नका.

आता औषधे आणि ऑक्सिजन यांविषयी. लहान रुग्णालयातल्या निम्म्याहून अधिक शस्त्रक्रिया कमरेखालच्या असतात: सिझेरियन, हर्निया, मूळव्याध, मांडीचे हाड, गर्भाशय. यांतल्या बहुतेक कमरेत इंजेक्शन देऊन, म्हणजे स्पायनलमध्ये होतात. हाताच्या शस्त्रक्रिया ब्लॉक देऊन, म्हणजे फक्त हाताच्या नसा बधिर करून होतात. रुग्ण स्वतः श्वास घेतो, नळी घालण्याचा आणि काढण्याचा सर्वांत धोक्याचा क्षण टळतो, आयसीयूला लागणारी औषधे वाचतात आणि ऑक्सिजन जवळजवळ लागत नाही. आपल्याकडे हे सगळे आधीपासून चालत आलेले आहे. साथीच्या दिवसांत ते आणखी निग्रहाने करायचे.

ऑक्सिजनचा एक हिशोब कार्यकारिणीपुढे अवश्य मांडा. मोठ्या जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे ७००० लिटर ऑक्सिजन असतो. हायफ्लोवर, म्हणजे नाकातून जोराने ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर, मिनिटाला ६० लिटर घेणाऱ्या एका रुग्णाला तो दोन तासही पुरत नाही. याउलट संपूर्ण भूल देऊन केलेल्या दोन तासांच्या शस्त्रक्रियेत, ताज्या वायूचा प्रवाह मिनिटाला १ लिटरवर ठेवला, तर १२० लिटरमध्ये काम होते. मात्र येथे एक गोष्ट आहे जी माझ्या अनेक सहकाऱ्यांच्याही लक्षात आली नव्हती. बऱ्याच भुलीच्या मशीनमधला, रुग्णाला श्वास देणारा भाता खाली-वर करण्यासाठी वायूचा दाब लागतो आणि तो वायू पुष्कळदा ऑक्सिजनच असतो. रुग्णाच्या फुप्फुसात न जाता केवळ भाता हलवण्यात मिनिटाला ६ ते ८ लिटर ऑक्सिजन वाया जातो, म्हणजे त्याच दोन तासांत ७२० ते ९६० लिटर. काही मशीनमध्ये त्या जागी दाबाखालची साधी हवा जोडता येते. ही सोय शांततेच्या काळात, कंपनीच्या इंजिनियरकडून करून घ्यायची असते. रुग्ण टेबलावर असताना ती सुचून काही फायदा नाही.

हवेचा मुद्दा तुमच्या पहिल्या प्रश्नाशी जोडलेला आहे. चांगल्या थिएटरमध्ये तासाला २० वेळा हवा बदलते. नळी घातल्यानंतर हवेत तरंगणारे कण ९९ टक्के कमी व्हायला तेथे सुमारे १४ मिनिटे लागतात. तासाला १२ वेळा हवा बदलत असेल तर २३ मिनिटे, आणि ६ वेळा असेल तर ४६. तुमच्या लहान थिएटरमध्ये साधा स्प्लिट एसी असेल, तर तो खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीतच सोडत राहतो. बाहेरची हवा जवळजवळ येतच नाही. दोन रुग्णांच्या मध्ये किती वेळ थांबायचे हे या आकड्यावरून ठरते, म्हणून कोणाकडून तरी तो एकदा मोजून घ्या. मी ज्या लहान रुग्णालयांत जात होतो त्यांतल्या एकातही तो कोणाला माहीत नव्हता. दुसरे असे की थिएटरमध्ये हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवलेला असतो, कारण बाहेरची धूळ जखमेपर्यंत येऊ द्यायची नसते. संसर्ग असलेल्या रुग्णाच्या वेळी हाच दाब आतली हवा पॅसेजमध्ये ढकलतो. त्या रुग्णांसाठी वेगळी, उलट दाबाची खोली असावी हे उत्तम, पण ती नसेल तर नळी घालताना आणि काढताना खोलीत फक्त दोन माणसे आणि दार पक्के बंद, एवढे तरी कटाक्षाने पाळावे.

आणखी एक सांगतो, कारण आराखडे लिहिताना ते हमखास सुटते. साथ स्वतःबरोबर नव्या शस्त्रक्रियाही घेऊन येते. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे रुग्ण आले तेव्हा एम. वाय. या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये आणि शहरातल्या इतर रुग्णालयांत नाक, सायनस, वरचा जबडा आणि कधी डोळाही काढण्याच्या शस्त्रक्रिया एकामागून एक कराव्या लागल्या. बुरशी लागलेला भाग लवकर काढला नाही तर ती मेंदूकडे सरकते, त्यामुळे थांबायला वेळ नव्हता. आणि रुग्ण असे, की ज्यांचा कोविड नुकताच ओसरला आहे किंवा अजून ओसरायचाच आहे, साखर वाढलेली आहे आणि फुप्फुसे अर्धीच काम करत आहेत. तेव्हा नाक-कान-घशाची हत्यारे आणि ॲम्फोटेरिसिन हे बुरशीवरचे औषध यांसाठी जी धावाधाव झाली ती मी पाहिली आहे. पुढच्या साथीत कोणता अवयव असेल ते सांगता येत नाही, पण एक टेबल आणि एक भूलतज्ज्ञ अशा अनपेक्षित कामासाठी राखून ठेवावा.

थिएटर सिस्टर, बडोदे

डॉक्टरसाहेबांनी सांगितलेले सगळे खरे आहे. मी बडोद्याला एका रुग्णालयात थिएटरची इन्चार्ज सिस्टर आहे. माझे सांगणे रोजच्या कामापुरतेच आहे.

दोन थिएटर वेगळी ठेवता येतात. त्यासाठी मोठे कोणते आणि लहान कोणते, हे पाहू नका. ज्या थिएटरला बाहेरच्या दाराकडून, वॉर्डातून न जाता पोचता येते, ते संसर्ग असलेल्या रुग्णांचे. ट्रॉलीचा रस्ता जमिनीवर रंगाने आखा, लिफ्ट एकच असेल तर तिच्या वेळा ठरवा, आणि तो रुग्ण त्याच थिएटरमध्ये शुद्धीवर येऊ द्या, रिकव्हरीत आणू नका. त्या थिएटरमध्ये कपाट नको. प्रत्येक शस्त्रक्रियेचे सामान आदल्या दिवशी एका ट्रॉलीवर काढून, यादीवर खूण करून न्यायचे, आणि कमी पडले तर बाहेर उभ्या असलेल्या बाईने दारातून द्यायचे. आम्ही सुरुवातीला भरलेले कपाट तसेच ठेवले होते. पहिल्याच रुग्णानंतर त्यातले न वापरलेले टाके, कॅथेटर, हातमोजे, सगळे एकतर फेकावे लागले किंवा पुसत बसावे लागले.

पण आमचे थिएटर अकरा दिवस बंद राहिले ते रुग्णामुळे नाही. आमची चहाची खोली दहा बाय आठची आहे. आतमध्ये आम्ही संसर्गापासून बचावाचे पीपीई किट घालून, घामाने भिजून, इतक्या काळजीने काम करत होतो, आणि बाहेर येऊन त्याच खोलीत मास्क उतरवून एकमेकींच्या डब्यातले खात होतो. एकीला ताप आला आणि आम्ही सहाही जणी घरी बसलो. त्यानंतर आम्ही दोन गट केले. एका गटातली सिस्टर दुसऱ्या गटातल्या सिस्टरला आठवडाभर भेटत नसे, हजेरीसुद्धा फोनवर. डबा गच्चीवर, एकेकीने. पुढे पुन्हा दोघी-तिघी आजारी पडल्या, पण थिएटर बंद झाले नाही. साहेब, तुमच्याकडे चारच सिस्टर आहेत, म्हणजे दोन-दोनचे गट. वॉर्डातल्या दोघींना आत्तापासूनच थिएटरचे काम शिकवून ठेवा, म्हणजे गट तीन-तीनचे होतील.

किटमध्ये ऐकू येत नाही, हे कोणी आधी सांगितले नव्हते. तोंडावर एन-९५, वर फेस शील्ड, कानांवर टोपी. सर्जनने एक मागितले आणि हातात दुसरेच गेले, असे दोनदा झाले. मग आम्ही मुलांची पाटी आणली आणि ती सर्क्युलेटिंग सिस्टरच्या, म्हणजे टेबलापासून दूर राहून सामान देणाऱ्या सिस्टरच्या हातात दिली. रक्त किती मागवायचे, टाका कोणता, स्वॅब किती मोजले, सगळे पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहायचे आणि समोर धरायचे. स्वॅबची मोजणी तर दोघींनी बोटे दाखवून, पाटीवर लिहून, मगच पोट बंद. ती पाटी अजून थिएटरमध्ये खुंटीला आहे.

किटमध्ये दोन-अडीच तासांपेक्षा जास्त कोणालाही ठेवू नका. मे महिन्यात बडोद्यात आणि तुमच्या इंदुरात काय उकाडा असतो ते मी सांगायला नको. मोठी शस्त्रक्रिया असेल तर मध्येच बदलायला दुसरी सिस्टर तयार पाहिजे, म्हणजे दिवसाला पूर्वीइतक्या शस्त्रक्रिया होणारच नाहीत. हे कार्यकारिणीने आधीच मान्य करून ठेवले, तर सिस्टरवर कोणी ओरडणार नाही.

शल्यविशारद, ग्वाल्हेर

वरच्या दोन्ही उत्तरांनंतर माझ्याकडे राहतो तो निवडीचा प्रश्न, आणि माझ्या मते तोच सर्वांत अवघड आहे.

२० मार्चच्या सूचनेत काही चूक नव्हती. मे २०२० मध्ये २४ देशांतल्या २३५ रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या आसपास कोविड झालेल्या ११२८ रुग्णांपैकी २३.८ टक्के तीस दिवसांत दगावले होते, आणि निम्म्याहून अधिक जणांना फुप्फुसांचा काही ना काही त्रास झाला होता. हे आकडे वाचले त्या रात्री मी दुसऱ्या दिवशीची यादी पुन्हा काढून तपासली. त्या रुग्णांपैकी केवळ २६ टक्क्यांचे निदान शस्त्रक्रियेपूर्वी झाले होते, उरलेल्यांचे नंतर. म्हणून तपासणीचे महत्त्व मोठे, पण तिच्यासाठी अडून बसायचे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) १८ मे २०२० च्या धोरणात, तपासणी झाली नाही म्हणून कोणतीही तातडीची शस्त्रक्रिया किंवा प्रसूती लांबवू नये, असे स्पष्ट म्हटले होते. अहवाल यायचा असेल तर रुग्ण बाधित आहे असे धरून काम करावे. ज्या रुग्णालयांनी अहवालाशिवाय बाळंतिणीला दारात उभे केले, त्यांनी फार वाईट केले, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता थांबवण्याची किंमत. त्याच अभ्यासगटाचा अंदाज असा, की पहिल्या लाटेच्या बारा आठवड्यांत जगभरात सुमारे २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द किंवा लांबणीवर पडल्या, आणि नंतर नेहमीपेक्षा २० टक्के अधिक काम केले तरी ही थकबाकी फेडायला ४५ आठवडे लागले असते. कर्करोगाच्या २०,००६ रुग्णांची पाहणी ६१ देशांत झाली, तीत कडक टाळेबंदीच्या भागांतल्या दर सातांपैकी एकाची ठरलेली शस्त्रक्रिया झालीच नाही. आणि कर्करोगाची शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली की मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असे २०२० च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात दिसले. विश्वस्तसाहेब, डायरीतल्या देवासच्या त्या बाईंचे नाव हर्नियाच्या रांगेत, त्याच पेन्सिलीने लिहिले गेले, हे वाचून मला फार वाईट वाटले. ‘नियोजित’ या एकाच शब्दाखाली आपण सगळ्यांना ढकलतो. प्रत्यक्षात त्या शब्दाचा अर्थ एवढाच आहे, की तारीख आधी ठरवता येते.

ब्रिटनमध्ये तेव्हा जी प्रतवारी वापरली ती सोपी आहे आणि तुम्हाला चालेल. २४ तासांत, ७२ तासांत, चार आठवड्यांत, तीन महिन्यांत, आणि तीन महिन्यांनंतरही चालेल अशी. शिकागोच्या डॉक्टरांनी २१ निकषांची गुणपद्धतीही तयार केली होती, पण ४० खाटांच्या रुग्णालयात २१ रकाने कोणी भरणार नाही. प्रत सर्जन आणि भूलतज्ज्ञ या दोघांनी मिळून ठरवावी, विश्वस्तांनी तीत हात घालू नये, आणि दर पंधरवड्याला ती पुन्हा पाहावी. या फेरतपासणीवर माझा सगळा भर आहे. मार्चमध्ये ‘तीन महिने चालेल’ असलेले पित्ताशय जूनमध्ये ‘७२ तास’ झालेले असते, आणि ते कोणी पाहिलेले नसते.

किती दिवसांनी भूल द्यावी, याचे उत्तर २०२१ च्या मार्चमध्ये मिळाले होते. ११६ देशांतल्या १,४०,२३१ रुग्णांच्या त्या अभ्यासात, संसर्ग न झालेल्यांचा तीस दिवसांतला मृत्युदर १.५ टक्के, संसर्गानंतर दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांचा ४.१ टक्के, आणि सात आठवडे उलटल्यावर तो पुन्हा १.५ टक्क्यांवर आला. सात आठवड्यांनंतरही धाप किंवा खोकला राहिलेल्यांचा मात्र ६ टक्के होता. हे सगळे लसीकरणापूर्वीचे आकडे आहेत. पुढे लस आली, विषाणू बदलला, आणि २०२३ मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी नियोजित शस्त्रक्रियेसाठी किमान दोन आठवडे आणि त्यापुढे रुग्ण पाहून निर्णय, असे सुचवले. त्यामुळे आराखड्यात ‘सात आठवडे’ हा आकडा छापून टाकू नका. त्या वेळच्या रोगाची त्या वेळची मुदत कोण शोधून सांगणार, त्या माणसाचे नाव घाला.

रुग्ण वेगळे ठेवण्याविषयी वर जे आले आहे त्यात थोडी भर घालतो. वेगळ्या मार्गाचा उपयोग होतो, हे आता अंदाजावर राहिलेले नाही. ५५ देशांतल्या कर्करोगाच्या ९१७१ रुग्णांमध्ये, जेथे शस्त्रक्रियेची जागा, आयसीयू आणि वॉर्ड कोविडपासून वेगळे होते तेथे फुप्फुसांची गुंतागुंत २.२ टक्क्यांना झाली, जेथे नव्हते तेथे ४.९ टक्क्यांना. यात वॉर्डही धरला आहे, हे लक्षात घ्या. थिएटर वेगळे आणि रात्री रुग्ण त्याच मिश्र वॉर्डात, याला वेगळा मार्ग म्हणत नाहीत.

रुग्णाची मुलगी, इंदूर

मी डॉक्टर नाही, पण विश्वस्तांनी पेन्सिलीच्या यादीविषयी लिहिले म्हणून लिहिते आहे. माझे वडील अशाच एका यादीत होते. आम्ही लोकमान्य नगरला राहतो. एप्रिल २०२० मध्ये बाबांच्या हर्नियाची तारीख होती. ती रद्द झाली तेव्हा रुग्णालयातून एकच फोन आला: “आता ऑपरेशन होणार नाही, सुरू झाले की कळवू.” त्यानंतर कोणीच कळवले नाही. आम्हीही विचारले नाही, कारण त्या दिवसांत हर्नियासाठी फोन करणे अपराधासारखे वाटत होते.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी बाबांची गाठ आत जाईना. एरवी ते आडवे पडून हाताने ती सारत असत. रात्री उलट्या सुरू झाल्या, तरी ते म्हणत होते की सकाळी पाहू, आता रुग्णालयात गेलो तर कोविड घेऊन येऊ. पहाटे नेले तेव्हा आतड्याचा एक भाग काळा पडला होता आणि तो कापावा लागला. बाबा वाचले, आज ते आमच्यात आहेत. पण गाठ आत जात नसेल, दुखत असेल आणि उलट्या होत असतील तर सकाळची वाट पाहायची नसते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. तो फोन करणाऱ्या बाईंच्या हातात दोन ओळींचा कागद असता, तर त्यांनी तो नक्की वाचून दाखवला असता. त्या फार प्रेमाने बोलत होत्या.

विश्वस्त, इंदूर

सर्वांचे मनापासून आभार. ताई, तुमचे लिहिणे मी कार्यकारिणीच्या बैठकीत जसेच्या तसे वाचून दाखवणार आहे.

आत्तापर्यंत एवढे ठरवले आहे. पुढे ढकललेल्या रुग्णांसाठी थिएटरच्या रजिस्टरला जोडून वेगळी वही असेल, शाईने लिहिलेली, दोन फोन नंबरांसह, आणि तिच्यात प्रत, ती ठरवल्याची तारीख आणि पुन्हा पाहण्याची तारीख असे रकाने असतील. ती वही सांभाळण्याचे आणि दर पंधरवड्याला प्रत्येकाला फोन करण्याचे काम आमच्याकडच्या निवृत्त मेट्रनबाईंनी आपणहून मागून घेतले आहे. हर्निया, पित्ताशय, मुतखडा, गर्भाशयाचा रक्तस्राव आणि कोणतीही गाठ, यांसाठी ‘ही लक्षणे दिसली तर ताबडतोब या’ असे मराठीत आणि हिंदीत दोन-दोन ओळींचे कागद आमचे सर्जन लिहून देत आहेत. सिस्टर, तुमच्या सांगण्यावरून मागच्या दाराचे लहान थिएटर संसर्गाच्या रुग्णांसाठी धरले आहे, वॉर्डातल्या दोघी सोमवारपासून थिएटरमध्ये येतील, आणि पाटी आजच आणली.

डॉक्टरसाहेब, एकच विचारायचे राहिले. आमच्या भुलीच्या मशीनचा भाता ऑक्सिजनवर चालतो की हवेवर, हे माझ्यासारख्याला कसे कळेल?

भूलतज्ज्ञ, इंदूर

मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत व्हेंटिलेटरच्या प्रकरणात भाता कोणत्या वायूवर चालतो ते लिहिलेले असते. पुस्तिका हरवली असेल तर मशीनचे मॉडेल आणि क्रमांक कळवून कंपनीकडून मागवून घ्या. प्रत्यक्ष पाहायचे असेल तर तुमच्या भूलतज्ज्ञांना, टेबलावर रुग्ण नसताना, एक सिलिंडर जोडून मशीन नकली फुप्फुसावर चालवायला सांगा. ताजा वायू मिनिटाला १ लिटरवर ठेवून अर्धा तास चालवा आणि सिलिंडरवरचा काटा आधी व नंतर लिहून घ्या. भरलेल्या जम्बोतून ३० लिटर गेले तर काटा हललेला दिसणारही नाही. ऑक्सिजनवर चालणारा भाता असेल तर तेवढ्या वेळात २०० लिटरहून अधिक जाईल, आणि लहान सिलिंडर जोडला असेल तर ते काट्यावर स्वच्छ दिसेल, म्हणून लहानच जोडा. टर्बाइनवर किंवा पिस्टनवर चालणारे मशीन असेल तर हा प्रश्नच येत नाही.

हवेवर वळवायचे ठरले तर दाबाखालची कोरडी हवा देणारा वैद्यकीय कॉम्प्रेसर लागेल. तो घेताना जनरेटरवर चालेल एवढी क्षमता पाहून घ्या, आणि वळवल्यानंतर मशीनवर तशी ठळक पट्टी लावा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या भूलतज्ज्ञाला ती पहिल्याच दिवशी दिसेल.